मोजल्याशिवाय लायनर बदलू नका



आपला गोंदिया जिल्हा धानाचा. 1 मे 1999 रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तरी पीकपाणी तेच राहिले. धानाला पावसाचे, तलावाचे, बोडीचे नाहीतर कालव्याचे पाणी मिळते, आणि कापणी झाली की बांधी मोकळी होते. उसाचे तसे नाही. ऊस भर उन्हाळ्यात शेतात उभा असतो. एप्रिल-मे महिन्यात बोडीचा तळ दिसू लागतो, वीज हवी तेव्हा असतेच असे नाही, आणि मग नदीकाठी किंवा विहिरीवर बसवलेले जुने डिझेल इंजिन हाच कित्येकांचा आधार असतो.

नेमके त्याच वेळी इंजिन त्रास देते. हँडल मारून खांदे भरून येतात, पण इंजिन धरत नाही. धरलेच तर निळा धूर सोडते आणि तेल पिते. मिस्त्री येतो, हेड उघडतो, बोट फिरवून पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, बोअर गेला. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळा संच नवीन टाका."

कधी त्याचे म्हणणे खरे असते, कधी नसते. बोटाला बोअरच्या वरच्या टोकाची कड लागते, पण ती कड किती शतांशांची आहे हे बोटाला कळत नाही. आणि या अंदाजाने दोन्ही बाजूंनी नुकसान होते. चांगला लायनर फेकला तर पैसे गेले. खरोखर झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर पैसेही गेले आणि महिन्या-दोन महिन्यांत इंजिन पुन्हा उघडावे लागले. मधल्या काळात ऊस तहानलेला राहतो, तो तोटा वेगळाच.

म्हणून बोअर मोजायचा कसा, त्यासाठी कोणती साधने घ्यावीत आणि कोणती घेऊ नयेत, हे या लेखात पाहू. हे काम अवघड नाही. ज्याला उसाचे वजन आणि उताऱ्याचा हिशोब कळतो, त्याला हेही कळेल.

बोअर कुठे झिजतो?

बोअर म्हणजे सिलिंडरची आतली गोल भिंत, जिच्यात पिस्टन वरखाली फिरतो. ही भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि मोजणीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. तिथे जळणाऱ्या वायूचा दाब सर्वांत जास्त असतो. तो दाब रिंगेच्या मागे शिरून रिंगेला भिंतीवर रेटतो. पिस्टन थांबल्यामुळे तेलाचा थर तिथेच सर्वांत पातळ असतो. म्हणून वरची रिंग जिथून परत फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त असते. खाली जावे तशी झीज कमी होत जाते. याला आपण निमुळतेपणा म्हणू.

दुसरी गोष्ट. कनेक्टिंग रॉड चालताना तिरपा होतो, त्यामुळे तो पिस्टनला क्रँकच्या आडव्या दिशेने भिंतीवर दाबतो. क्रँकच्या रेषेत तेवढा दाब नसतो. म्हणून बोअर एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी झिजतो व अंडाकार होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला रिंग पोचत नाही, अशी एक अरुंद पट्टी राहते. तसेच खालच्या टोकालाही रिंगा पोचत नाहीत. या दोन जागा जवळजवळ मूळ मापाच्याच राहतात. इंजिनाचे जन्माचे माप इंजिनातच लिहून ठेवलेले असते, असे समजा.

किती बारीक मापाची गोष्ट आहे?

मिलिमीटरचे शंभर भाग केले, की त्यातल्या एका भागाला आपण शतांश म्हणू. माणसाचा केस साधारण 5 ते 10 शतांश जाड असतो. लायनर ठेवायचा की काढायचा, हा निर्णय बहुधा अशा एक-दोन केसांच्या जाडीवर होतो. जुने मिस्त्री 'थाऊ'मध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे अडीच शतांश. वजने-मापे मेट्रिक करण्याचा कायदा आपल्याकडे 1956 साली झाला, पण इंजिनाच्या कामातून इंच अजून गेलेला नाही. म्हणून मोजण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. आपले इंजिन कोणत्या मापाचे आहे?

आपल्याकडे किर्लोस्करचे उभे एव्ही-1 इंजिन पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याचा बोअर 80 मिमी व स्ट्रोक 110 मिमी, आणि फेरे मिनिटाला 1500. त्याच घराण्यातल्या टीव्ही-1 चा बोअर 87.5 मिमी आहे. जुन्या लिस्टर पद्धतीच्या सावकाश फिरणाऱ्या, मोठ्या चाकाच्या इंजिनाचा बोअर साडेचार इंच, म्हणजे 114.3 मिमी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. पुढे 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. नांगर ढिला झाला तर शेतकरी पाचर मारून चालवतो. इंजिनाला पाचर चालत नाही.

कोणते साधन घ्यावे?

साधने पुष्कळ आहेत. खर्चाच्या क्रमाने पाहू.

*फीलर गेज आणि एक नवी रिंग.* हे गरिबाचे बोअर गेज. फीलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पत्र्यांचा जुडगा, तो प्रत्येकाकडे असावाच. त्याने बोअर कसा पारखायचा ते पुढे सांगितले आहे.

*व्हर्नियर कॅलिपर.* 1631 साली पिअर व्हर्निये या फ्रेंच माणसाने ही सरकती पट्टी मांडली. व्हर्नियर घरात असावा, सतरा कामांना येतो. पण बोअरच्या शेवटच्या निर्णयाला तो चालत नाही. त्याचे आत मोजायचे जबडे आखूड असतात, झिजलेल्या जागेपर्यंत नीट पोचत नाहीत. शिवाय जबड्याची धार सपाट असल्याने गोल भिंतीत माप थोडे कमी दिसते. डिजिटल व्हर्नियर पडद्यावर शतांश दाखवतो, पण शतांश दाखवणे वेगळे आणि शतांश खरा असणे वेगळे. आकडा मोठ्याने बोलतो म्हणून तो खरे बोलतो असे नाही.

*बाहेरचा मायक्रोमीटर.* हे साधन मात्र चांगलेच घ्यावे. 1848 साली पाल्मेर नावाच्या फ्रेंच कारागिराने याचा हक्क नोंदवला. आत एक बारीक आट्यांचा स्क्रू असतो. त्याला एक फेरा दिला की तो अर्धा मिलिमीटर सरकतो, आणि फिरत्या बाहीवर 50 रेघा असतात. म्हणून एक रेघ म्हणजे एक शतांश. 80 आणि 87.5 मिमी बोअरसाठी 75 ते 100 मिमीचा मायक्रोमीटर लागतो, लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला 100 ते 125 चा. त्याच्यासोबत शून्य तपासायची प्रमाण कांडी असते. 75 ते 100 च्या मायक्रोमीटरला 75 मिमीची कांडी. कांडी नसलेला मायक्रोमीटर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

*टेलिस्कोपिक गेज.* इंग्रजी टी अक्षरासारखा आकार, आडव्या दांडीच्या टोकांना स्प्रिंग. बोअरमध्ये घालून मोकळे सोडले की दांडी भिंतीला टेकते, मग ती पेचाने आवळायची. हे साधन स्वतः माप सांगत नाही. ते माप उचलून आणते, आणि सांगतो मायक्रोमीटर. साधारण 8 ते 150 मिमीपर्यंत मापे घेणाऱ्या सहा नगांचा संच मिळतो. स्वस्त आहे, पण हात बसायला वेळ लागतो.

*डायल बोअर गेज.* लांब दांडा, वर घड्याळासारखी तबकडी, खाली एक हलणारे आणि एक बदलता येणारे टोक. हे सुमारे 50 ते 150 मिमीपर्यंतचे घेतले तर आपली बहुतेक सगळी शेतीची इंजिने त्यात बसतात. झीज, निमुळतेपणा आणि अंडाकारपणा पाहायला याच्यासारखे दुसरे साधन नाही.

*तीन टोकांचा आतला मायक्रोमीटर.* दिसायला भारी आणि महागही. पण तीन बाजूंनी टेकत असल्याने बोअर अंडाकार झाला असेल तर ते त्याला दिसत नाही. आपल्या कामाला नको.

थोडक्यात, एका घराला फीलर गेज, मायक्रोमीटर आणि टेलिस्कोपिक गेज पुरे. डायल बोअर गेज चार-पाच जणांनी मिळून घ्यावे. जपानची मितुतोयो, अमेरिकेची स्टॅरेट, आपल्या पुण्याची बेकर, अशी नावाजलेली साधने बाजारात आहेत. नावाची नक्कलही होते, म्हणून ओळखीच्या दुकानातून बिल घेऊनच घ्यावे. जुने साधन घेत असाल तर तीन गोष्टी पाहा. कांडीवर शून्य बरोबर येते का? बाही लचकते का? दोन तोंडे उजेडाकडे धरून हलकेच मिटवली, तर मधून उजेडाची चीर दिसते का? मोठ्या मायक्रोमीटरची तोंडे मिटत नाहीत, तिथे हीच परीक्षा कांडी मध्ये धरून करावी.

माझ्या हातून झालेली चूक

पुढची रीत सांगण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो, म्हणजे प्रत्येक पायरी का सांगितली ते कळेल.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारच्या एका सभासदाचे इंजिन बंद पडले. ऊस खोडव्याचा, पाने वळायला लागलेली. माझ्याकडे डायल बोअर गेज आहे म्हणून त्यांनी मला बोलावले. मी मायक्रोमीटर 80.00 वर लावला, त्यावर गेजचे शून्य केले आणि बोअरमध्ये घातले. वर 14 शतांश झीज दिसली. मी म्हटले, "लायनर गेला." माझ्या शब्दावर त्यांनी उसनवारी करून सगळा संच आणला. आणण्यात आणि बसवण्यात आठ दिवस गेले.

नंतर काढलेला लायनर माझ्या पडवीत पडून होता. एक दिवस सहज मायक्रोमीटर कांडीवर धरला, तर शून्य 8 शतांशांनी सरकलेले! केव्हातरी तो हातातून पडला असणार. म्हणजे मी 80.00 म्हणून जे शून्य धरले, ते खरे 79.92 होते. 14 मधून 8 गेले, खरी झीज 6 शतांश. लायनर अजून चालला असता. रिंगा काजळीने खोबणीत चिकटल्या होत्या आणि हवेचा फिल्टर धुळीने गच्च भरला होता, दुखणे एवढेच होते.

वाईट याचे वाटते की इंजिन मला खरे सांगत होते. खालच्या टोकाला, जिथे रिंग कधी पोचतच नाही, तिथेही माझे गेज 8 शतांश जास्त दाखवत होते. न झिजणारी जागा 8 शतांश झिजेल कशी? तो आकडा मी वहीत लिहिला होता, पण त्याचा विचार केला नव्हता. त्या भल्या माणसाने मला कधी बोल लावला नाही. त्या वर्षी त्यांच्या खोडव्याचा उतारा घटला, तो मात्र मी काट्यावर पाहिला.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. बोअरची साक्ष आधी बोअरलाच विचारायची.

मोजण्याची रीत

1. *स्वच्छता.* डिझेलने किंवा घासलेटने बोअर धुवा, काजळी खरवडा, स्वच्छ फडक्याने कोरडा पुसा. काजळीचा एक कण चार-पाच शतांशांचा खोटेपणा करतो. साधनांची टोकेही पुसा.

2. *सावली.* ही गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. जगभर लांबीची मापे 20 अंश सेल्सिअसला खरी धरतात, हे 1931 साली ठरले. आपल्याकडे मे महिन्यात 20 अंश आणायचे कुठून? त्याची गरजही नाही. मीटरभर ओतीव लोखंड एका अंशाला मिलिमीटरच्या सुमारे अकरा हजारांश भागाने वाढते आणि पोलादही जवळपास तेवढेच. म्हणून लायनर आणि साधन दोन्ही सारखे तापलेले असतील तर चूक आपोआप फिटते. पण मायक्रोमीटर उन्हात आणि लायनर झाडाखाली असेल, दोघांत 20 अंशांचा फरक असेल, तर 80 मिमीत जवळजवळ दोन शतांशांची चूक येते. म्हणून साधने आणि लायनर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी लवकर मोजा. मायक्रोमीटर मुठीत फार वेळ धरू नका. नुकतेच बंद केलेले इंजिन कधीच मोजू नका.

3. *शून्य.* मायक्रोमीटर आधी कांडीवर तपासा. शेवटचा दाब टोकाच्या रॅचेटनेच द्या, बाही पिळू नका. शून्य चुकत असेल तर सोबतच्या चावीने दुरुस्त करा, किंवा चूक वहीत लिहून हिशोबात धरा.

4. *गेज लावणे.* डायल गेजला असे टोक लावा की मोकळे असताना त्याची लांबी बोअरपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जास्त भरेल. मायक्रोमीटर 80.00 वर आवळून फडक्यात गुंडाळून पकडीत हलकेच धरा. गेजची टोके त्याच्या दोन तोंडांमध्ये घालून इकडेतिकडे झुलवा. जिथे काटा उलटा फिरतो तिथे तबकडीचे शून्य आणा.

5. *झुलवणे.* गेज तिरपे करून बोअरमध्ये सोडा, मग दांडा पुढेमागे झुलवा. दांडा बोअरच्या रेषेत येतो तेव्हाच खरा व्यास मिळतो. तिरपे असताना माप नेहमी जास्त येते, म्हणून सर्वांत कमी आकडा तोच खरा. आत दाबले जाणारे टोक बहुतेक गेजांत काट्याला घड्याळाच्या दिशेने फिरवते. तेव्हा काटा शून्याच्या डावीकडूनच उलटला तर बोअर मोठा, उजवीकडे जाऊन उलटला तर बोअर लहान. नवशिक्याची पहिली चूक इथे होते. शंका असेल तर टोक बोटाने दाबून काटा कुठे जातो ते पाहून घ्या.

6. *सहा मापे आणि दोन साक्षी.* वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकला आडवे व क्रँकच्या रेषेत अशी दोन, मिळून सहा मापे घ्या. 'वर' म्हणजे वरची रिंग जिथून परत फिरते त्या कडेच्या लगेच खाली. शिवाय जिथे रिंग पोचत नाही त्या जागेची दोन मापे साक्षीसाठी घ्या. प्रत्येक माप तीनदा घ्यावे. तीन वेळा एका शतांशाच्या आत आले नाही, तर हात अजून बसला नाही असे समजावे.

टेलिस्कोपिक गेज वापरत असाल तर ते थोडे तिरपे घालून पेच हलका आवळा, एकदाच बोअरच्या रेषेतून पलीकडे झुलवा, बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. पुन्हा झुलवू नका.

लायनर बाहेर काढून मोजत असाल तर तो पकडीत आवळू नका. पातळ भिंत दबते आणि नसलेला अंडाकारपणा दिसतो. टेबलावर उभा ठेवून मोजा.

एक उदाहरण

समजा 80 मिमीच्या बोअरची मापे अशी आली. वर आडवे 80.14, रेषेत 80.09. मध्ये आडवे 80.08, रेषेत 80.06. खाली आडवे 80.03, रेषेत 80.03. साक्षीच्या जागी 80.01.

साक्षीची जागा 80.01 म्हणते, म्हणजे गेज विश्वासाचे आहे. आता वजाबाकी करा. आडव्या दिशेचा निमुळतेपणा 14 वजा 3, म्हणजे 11 शतांश. वरचा अंडाकारपणा 14 वजा 9, म्हणजे 5 शतांश. ध्यानात घ्या, या दोन्ही आकड्यांवर शून्याच्या चुकीचा परिणाम होत नाही, कारण चूक दोन्ही मापांत सारखीच असते आणि वजाबाकीत उडून जाते.

आता पिस्टन मोजा. तो खालच्या घेरावर, पिनेला आडव्या दिशेने, त्याच मायक्रोमीटरने. समजा 79.88 आला. वरची फट 80.14 वजा 79.88, म्हणजे 26 शतांश. हे तीन आकडे इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. निर्णय पुस्तकाने द्यायचा, मिस्त्रीने नाही आणि मीही नाही. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून आपल्याच मॉडेलचे मिळवा. दुसऱ्या इंजिनाचा आकडा आपल्याला लावू नका.

आकडे मर्यादेच्या पुष्कळ आत असतील, तर खोबण्या साफ करून रिंगा तपासा. मर्यादेबाहेर असतील, तर लायनर बदलणे किंवा बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे हे दोन मार्ग. बोअर वाढवायचा तर तो 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00 मिमी अशा पायऱ्यांनी वाढवतात. तुमच्या इंजिनाला त्यातला कोणता पिस्टन मिळतो ते आधी पाहा, पिस्टन हातात येऊ द्या आणि तो मोजूनच बोअरिंग करून घ्या. काम करून आणल्यावर बोअर पुन्हा मोजा. यात कोणाचा अपमान नाही. आपण काट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतोच ना?

रिंगेने बोअर पारखणे

ज्यांच्याकडे गेज नाही त्यांच्यासाठी ही रीत. मूळ मापाची नवी रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली सारा, म्हणजे ती वाकडी बसत नाही. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. एकदा खालच्या कमी झिजलेल्या जागी, एकदा वर सर्वांत झिजलेल्या जागी.

व्यास वाढला की परीघ त्याच्या 3.14 पट वाढतो, आणि ती सगळी वाढ रिंगेच्या फटीत दिसते. म्हणून दोन फटींमधल्या फरकाला 3.14 ने भागले की व्यासातला फरक मिळतो. वरच्याच उदाहरणात खाली फट 0.35 आणि वर 0.62 अशी येईल. फरक 0.27, भागिले 3.14, म्हणजे सुमारे साडेआठ शतांश. गेजने वरच्या दोन मापांची सरासरी साडेअकरा आणि खालची 3 आली होती, त्यांचा फरकही साडेआठच. निसर्गानेच तीनपट मोठे करून दाखवणारे भिंग आपल्याला फुकट दिले आहे. मात्र या रीतीने अंडाकारपणा कळत नाही, सरासरीच कळते, एवढे ध्यानात ठेवावे.

झीज काय सांगते?

माप घेतल्यावर कारणही शोधा, नाहीतर नवा लायनरही त्याच वाटेने जाईल. वरचा भाग फारच जास्त झिजला असेल तर बहुधा हवेतून धूळ गेली आहे. तेलाच्या फिल्टरमधले तेल बदला, नळीचे सांधे पाहा, इंजिन रस्त्याच्या धुळीपासून दूर बसवा. झीज खालपर्यंत पसरली असेल तर बहुधा तेल घाण झाले आहे. पंपाचे गार पाणी सगळेच्या सगळे जॅकेटमधून सोडण्याचीही एक वाईट सवय आहे. बाहेर पडणारे पाणी थंडगार असेल तर सिलिंडर कधी नीट तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही, भिंतीवरचे तेल धुऊन जाते आणि बोअर लवकर झिजतो. तोटीने पाणी कमी करून ते इंजिनाच्या पुस्तकात सांगितले आहे तितके गरम बाहेर येऊ द्यावे.

साधनांची निगा आणि गटाचा संच

मायक्रोमीटर आणि गेज लाकडी पेटीत ठेवा, पान्या-हातोड्यांच्या पेटीत नाही. काम झाले की पुसून पातळ तेलाचा हात द्या. मायक्रोमीटर ठेवताना तोंडे थोडी उघडी ठेवा. पावसाळ्यात पेटीत ओल धरू देऊ नका. एखादे साधन पडले तर लपवू नका, कांडीवर तपासा. मी लपवले नव्हते, पण मला माहीत नव्हते. परिणाम तोच झाला.

एका घराचे डायल गेज वर्षात दोन-तीन दिवस वापरले जाते आणि बाकी दिवस पेटीत राहते. म्हणून एका नदीकाठच्या किंवा एका तलावाखालच्या चार-पाच सभासदांनी वर्गणीने एक संच घ्यावा. संच एकाच्याच घरी राहावा, आणि पेटीत एक वही असावी. नेताना आणि परत ठेवताना कांडीवरचे शून्य वहीत लिहायचे, सही करायची. त्याच वहीत प्रत्येकाच्या इंजिनाची सहा मापे तारखेसह लिहून ठेवावीत. दोन-तीन वर्षांनी त्या मापांवरून लायनर अजून किती हंगाम जाईल, हे मे महिन्याच्या आधीच कळेल. 1950 साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला. आपल्याला एक पेटी उभी करायची आहे, तिला एवढे जड काय?

इंजिनाची तपासणी उन्हाळ्यापर्यंत लांबवू नका. धान घरात आला की थंडीच्या दिवसांत, सकाळच्या गारव्यात इंजिन उघडा. वेळ असतो, सुटे भाग सावकाश शोधता येतात, आणि ऊस अजून पाण्यासाठी ओरडत नसतो.

मिस्त्रीशी भांडू नका. त्याच्या हातात कसब आहे. त्याला वही दाखवा आणि विचारा, "भाऊ, वर किती, खाली किती, अन् न झिजलेल्या जागी किती?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो खिशातला फीलर गेज काढतो.